भीमचे पत्ते, धाकट्याचं रडू आणि आजोंचा राग

पत्र थोडक्यात असं आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं एकत्र कुटुंब, लिहिणाऱ्या भगिनीला दोन मुलगे, एक नऊ वर्षांचा आणि एक पाचचा. धाकटा ‘छोटा भीम’चा भक्त. गेल्या चवथीला (गणेशचतुर्थीला) मुंबईच्या नणंदेनं त्याला भीमच्या चित्रांचे पत्ते पाठवले. रंगाला रंग किंवा आकड्याला आकडा जुळवत हातातले पत्ते संपवायचे, तो खेळ. आरत्या आटोपल्या की आठेक जण गोल करून बसत. घरचे नियम दोन: लागणारा पत्ता मिळेपर्यंत ओढत राहायचं, आणि ‘दोन घे’वर आपला ‘दोन घे’ टाकून ओझं पुढच्यावर ढकलायचं. पहिली रात्र मजेत गेली. दुसऱ्या रात्री धाकट्याच्या हातात वीसेक पत्ते जमले, ते त्यानं उधळले आणि रडून घर डोक्यावर घेतलं. मग त्याचे बाबा मुद्दाम हरू लागले. थोरल्याच्या ते ध्यानात आलं, ‘हे चीटिंग’ म्हणून तो उठून गेला. सासरे, म्हणजे मुलांचे आजो, आधीपासूनच नाराज: ‘आज भीमचे पत्ते, उद्या तीनपत्ती.’ डबा कपाटावर गेला तो गेलाच. आता चवथ पुन्हा तोंडावर आली आहे. डबा काढावा का? की भीमचाच सोपा खेळ घरी तयार करावा? केलाच तर चार डबे जास्तीचे करून बचत गटाच्या स्टॉलवर ठेवता येतील का? आणि सगळ्यात शेवटी: ‘धाकटा फार हट्टी झालाय, त्याला हरायला शिकवायचं कसं?’

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे तीन त्यावरच उभे आहेत.

तुमचा मुलगा हट्टी आहे की नाही ते एका पत्रावरून कोण सांगणार? पण त्याच्या हातात वीस पत्ते कसे जमले, ते तुमच्या दोन नियमांवरून नक्की सांगता येतं. या घराण्यातला सगळ्यांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ऊनो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मर्ल रॉबिन्स नावाच्या न्हाव्यानं १९७१ साली तो काढला. त्याच्या जुन्या डब्यात १०८ पत्ते असतात: चार रंगांचे ७६ आकडी, ‘दोन घे’, ‘उलटा फेरा’ आणि ‘याला वगळा’ प्रत्येकी आठ, आणि वाटेल तो रंग मागायचे आठ (चार साधे, चार ‘चार घे’चे). छापील नियम असा आहे की लागणारा पत्ता नसेल तर गड्डीतला एकच ओढायचा. तो लागला तर टाकायचा, नाही तर डाव पुढे. मिळेपर्यंत ओढत राहणं त्यात कुठेच नाही. ‘दोन घे’वर ‘दोन घे’ चढवणंही नाही; ज्याच्यावर पडला त्यानं दोन उचलायचे आणि आपली पाळी सोडायची.

हे दोन्ही नियम घरोघरी आहेत, मोठ्यांना त्यात रंगतही येते. पण ते कुणाच्या अंगावर येतात ते बघा. मोठा माणूस एखादा ‘दोन घे’ राखून ठेवतो, साखळी आपल्यापर्यंत आली की काढतो. पाच वर्षांचं पोर चांगला पत्ता आला की लगेच टाकून मोकळं होतं. त्यामुळे चौघांनी ढकललेलं ओझं येऊन थांबतं ते नेमकं त्याच्यापाशी, एकदम आठ पत्ते. पुढच्या पाळीला लागणारा रंग हाती नसला की लागेपर्यंत ओढ, आणखी पाच-सहा. सुरुवातीचे सात धरा, झाले वीस. शिवाय आठ जण खेळताय. प्रत्येकानं पंधरा सेकंद घेतले तरी त्याची पाळी येईपर्यंत पावणेदोन मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ त्या इवल्याशा हातांत पत्त्यांचा पंखा धरून बसायचं. पत्ते निसटतात, मोठी माणसं डोकावून बघतात, दादा हसतो. त्यानं पत्ते उधळले यात मला तरी हट्ट दिसत नाही. डावच त्याच्या हाताबाहेर गेला होता, अक्षरशः.

तेव्हा डबा खुशाल खाली काढा, फक्त निम्मा करा. चारही रंगांतले एक ते सहा आकडे ठेवा. प्रत्येक आकडा दोनदा असेल तर हे ४८ झाले. त्यांत वाटेल तो रंग मागायचे साधे चार घाला, म्हणजे ५२. शून्य, सात, आठ, नऊ, ‘दोन घे’, ‘चार घे’, ‘याला वगळा’, उलटा फेरा, सगळं रबर लावून बाजूला. प्रत्येकी पाच पत्ते वाटा. पाच जणांत २५ वाटले जातात, २७ गड्डीत उरतात. ओढायचा एकच. असा डाव लवकर उरकतो, आणि लहान मुलाच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं आहे: हरलं तरी पुढचा डाव लगेच लागतो. चार-पाच डाव सुरळीत झाले की ‘याला वगळा’ आत घ्या, मग उलटा फेरा. ‘दोन घे’ला घाई करू नका. आणि पाचापेक्षा जास्त माणसं असतील तर दोन गोल करा. चवथीला सगळ्यांनी एकाच डावात बसलं पाहिजे असं तुम्हाला वाटतं, ते पत्रातून जाणवतं, पण आठ जणांच्या गोलात पाच वर्षांच्या मुलाला काही काम नसतं.

पत्ते धरायची सोय वेगळी करायला हवी. बुटांचा रिकामा खोका घ्या, झाकण लावा आणि झाकणाच्या कडेच्या आत, खोक्याच्या भिंतीला लागून पत्ते उभे खोचा. खोका त्याच्याकडे तोंड करून ठेवला की पत्ते त्याला दिसतात, दुसऱ्याला दिसत नाहीत, आणि हात मोकळे राहतात. आजींची बोटं दुखत असतील तर त्यांनाही एक खोका द्या.

आता बाबांचं मुद्दाम हरणं. हेतू चांगला, पण त्यातून दोन्ही मुलांना नको ते कळलं. थोरल्याला कळलं की नियम रडण्यापुढे वाकतात. धाकट्याला आज ना उद्या कळेल की त्याचं जिंकणं खोटं होतं, आणि तो दिवस हरण्यापेक्षा वाईट असतो. त्याच्या उलट टोक म्हणजे ‘खेळ म्हटला की हार-जीत आलीच, रडायचं नाही’ असं ठणकावणं. पाच वर्षांच्या मुलाला नशीब आणि कसब यांतला फरक नीट उमगत नाही. पत्ते वाईट आले म्हणून हरलो, हे त्याला समजत नाही. त्याला वाटतं, मीच वाईट.

या दोन टोकांच्या मधला रस्ता आपल्या अंगणात पूर्वीपासून आहे. लपंडाव असो की लगोरी, सगळ्यांत लहान असेल तो कच्चा लिंबू. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, आणि हे सगळ्यांना आधी माहीत असतं. चोरून काही नसतं. पत्त्यांतही तसंच करा, डाव मांडण्याआधी मोठ्यानं सांगून: धाकट्याला तीन पत्ते, बाकीच्यांना पाच. सलग दोन डाव जिंकला की पुढच्या डावाला त्याला एक पत्ता जास्त. पुन्हा दोन जिंकला, की बरोबरी. बरोबरीत येणं ही बढती आहे असं त्याला वाटू द्या. पुष्कळ मुलं मग स्वतःच सवलत नाकारतात. हा हिशेब ठेवायचं काम थोरल्याकडे द्या. नऊ वर्षांच्या मुलाला न्यायाची चाड असते, तो ‘चीटिंग’ म्हणून उठला तो त्यामुळेच. त्याला नियमांचा कारभारी केलंत तर तो उठणार नाही. ‘भीम बाळांसाठी असतो’ असं तो म्हणत असेल (या वयात म्हणतातच), तर कारभाऱ्याला तेवढं म्हणायची मुभा असू द्या.

आणि मोठ्यांनी कसं हरायचं, तेही थोडं ठरवून ठेवा. हरलेल्या काकानं ‘अरे वा, कसला पत्ता काढलास!’ म्हणून पुढचा डाव पिसायला घेतला की पोरं ते बघत असतात. मात्र काका बायकोवर चिडून ‘तुझ्यामुळे हरलो’ म्हणत असतील, तर धाकट्याला आधी काही शिकवायला जाऊ नका.

सासऱ्यांच्या बोलण्याकडे मी जुन्या माणसाची कुरकुर म्हणून बघणार नाही. पणजीत मांडवीवर कॅसिनोची जहाजं रोज दिव्यांनी झगमगतात, जत्रेतला जुगाराचा पट आपण सगळ्यांनी बघितलाय, आणि चवथीच्या रात्रीचा साधा डाव कुठे कधी पैशांवर जाऊन पोचतो हे गावात कुणाला सांगायला नको. त्यांनी घरं बसताना बघितली असतील. त्यांना विचारा, राग पत्त्यांवर आहे की पैशांवर? बहुतेक उत्तर पैशांवर असं येईल. मग त्यांच्याच तोंडून घरचा नियम येऊ द्या: या डावात नाणं नाही, नोट नाही, आणि ‘हरेल त्यानं चॉकलेट द्यायचं’ हेही नाही. मोठ्यांना ही शेवटची अट फार कडक वाटते, पण पैजेची पहिली पायरी तीच असते. गुण लिहायचे तर कागदावर. चिंचोके किंवा बटणं समोर रचायला दिलीत की मुलं ती मोजायला लागतात, एकमेकांना उसनी देतात, आणि आजोंना जे नको तेच चित्र उभं राहतं.

त्यांना आणखी एक दाखवता येईल. सीमेपलीकडे सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, लाखेचं काम. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात: दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात एक ते दहा, वर प्रधान आणि राजा. मत्स्य, कूर्म, वराह असे पत्ते हातात घेऊन माणसं खेळत आली आहेत. मुलांच्या ओळखीची गोष्ट पत्त्यांवर उतरवणं हे काही टीव्हीवाल्यांचं नवं खूळ नव्हे. आजोंना दहा अवतार क्रमानं पाठ असतीलच. नातवाला ते शिकवायला बसले तर तुमच्या डावाला घरातूनच राखणदार मिळाला म्हणायचं. न बसले तरी हरकत नाही. त्यांना ओढून आणू नका.

आता घरी पत्ते करायचा विचार. तो चांगला आहे, पण त्यातली एक समजूत आधी काढून टाकू या: भीमचं चित्र आहे म्हणजे मूल रमेल. चित्र मुलाला पहिल्या रात्री बसवतं, दुसऱ्या रात्री बसवतो तो खेळ. तुमच्याच घरी तसं झालं. म्हणून चित्रांपेक्षा पत्त्यांच्या मांडणीवर जास्त वेळ घाला, म्हणजे एकाच गड्डीवर चार-पाच खेळ होतील.

मांडणी अशी करा. नऊ पात्रं, चार रंग, ३६ पत्ते. ढोलकपूरमध्ये नऊ सहज सापडतात. आकडे मात्र विचार करून द्या, कारण मोठा आकडा लहान आकड्याला खातो असा खेळ खेळायला घेतलात आणि भीमचा आकडा पाच नि राजाचा नऊ निघाला, तर पाच वर्षांचा माणूस ते खपवून घेणार नाही. माझा क्रम असा: राजू एक, जग्गू दोन, ढोलू-भोलू मिळून तीन, इंदुमती चार, राजा इंद्रवर्मा पाच, टुनटुन मौसी सहा, चुटकी सात, कालिया आठ, भीम नऊ. राजा बरोबर मधोमध का, ते पुढे येईल. याशिवाय नऊ पत्ते वेगळे: चार लाडू (लाडू खाल्ला की भीमला बळ येतं, तेव्हा लाडू म्हणजे जोकर), दोन ‘थांब’चे (‘याला वगळा’सारखे), एका पत्त्यावर नियम, आणि दोन कोरे. कोरे कशाला? एखादा पत्ता हरवणारच. पाटाखाली, माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीच्या) पानांत, नाहीतर कुत्र्याच्या तोंडात. तेव्हा कोऱ्यावर पेननं लिहून काम चालतं. एकूण झाले ४५.

आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर, नेहमीच्या पत्त्यांचा. ए-फोर कागदावर तीन ओळींत तीन असे नऊ बसतात, म्हणजे पाच कागद. छपाईवाल्याकडे १३ बाय १९ इंची शीट असेल तर एकावर २५ बसतात, दोन शीटांत काम होतं आणि वर पाच कोरे जास्त मिळतात. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड मागा. त्याहून पातळ घेतलात तर ट्यूबलाइटसमोर पत्ता आरपार दिसतो, आणि थोरला ते पहिल्याच डावात हेरेल. घरचे बहुतेक प्रिंटर एवढा जाड कागद ओढत नाहीत, मध्येच अडकवतात. शिवाय इंकजेटची शाई दमट हातांनी पुसली जाते. म्हापसा, फोंडा, डिचोली, कुठेही डिजिटल छपाईवाला असेल त्याच्याकडेच न्या.

दोन गोष्टी तिथे हमखास बिघडतात. पाठीमागची नक्षी आणि पुढचं चित्र तंतोतंत एकावर एक येत नाही, एक-दोन मिलिमीटर सरकतं. पाठीला चौकट काढलीत तर ते सरकणं लगेच डोळ्यांत भरतं, आणि मग ‘तो तिरक्या चौकटीचा पत्ता म्हणजे लाडू’ हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणून पाठीवर चौकट नको, कडेपासून कडेपर्यंत सगळीकडे सारखी बारीक नक्षी किंवा ठिपके. पुढच्या बाजूला कडेनं तीन मिलिमीटर पांढरी जागा सोडा, म्हणजे कापताना शेजारच्या पत्त्याचा रंग येत नाही. दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. आकडा आणि रंगाची खूण चारही कोपऱ्यांत छापा, आकड्याची उंची निदान सात मिलिमीटर. पत्ते पंख्यासारखे धरले की कोपराच तेवढा दिसतो, आणि डावखुऱ्या माणसाला भलताच कोपरा दिसतो. रंगासोबत आकारही द्या: लाल गोल, पिवळा चौकोन, हिरवा त्रिकोण, निळी चांदणी. काही पुरुषांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही, आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पिवळ्या दिव्याखाली हिरवा-निळा सारखाच वाटतो. घरातला वयस्कर माणूस ‘मला नाही खेळायचं’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा कारण एवढंच असतं, पण ते कुणी बोलून दाखवत नाही.

यानंतर लॅमिनेशन, आणि गोव्यात सगळं घोडं तिथेच अडतं. चवथ म्हणजे भर दमटपणा. उघडा कागद हवेतलं पाणी पितो, फुगतो, पत्ते एकमेकांना चिकटतात आणि वाटताना दोन-दोन जातात. त्यावर उपाय म्हणून लोक झेरॉक्सवाल्याकडचं ओळखपत्राचं जाड लॅमिनेशन करून आणतात. ते करू नका. १२५ मायक्रॉनच्या पाऊचमध्ये घातलेला पत्ता जवळजवळ दुप्पट जाड होतो. ४५ पत्त्यांची वीट तयार होते आणि ती पिसता येत नाही. छपाईवाल्याकडे पातळ थर्मल मॅट फिल्म असते, ती दोन्ही बाजूंनी लावून घ्या. एकाच बाजूनं लावली तर उघडी बाजू दमट होऊन फुगते आणि पत्ता केळीच्या पानासारखा वळतो. चकचकीत फिल्म नको, ती एकमेकांना चिकटते आणि दिव्याखाली चमकते. फिल्म लावल्यावरच कापा, पोलादी पट्टी आणि नवं पातं घेऊन. एकाच दमात खोल चिरू नका, हलक्या हातानं तीन वेळा फिरवा. कोपरे गोल करायचं छोटं यंत्र छपाईवाल्याकडे असतं. टोकदार कोपरे आधी दुमडतात, आणि दुमडलेला पत्ता म्हणजे ओळखीचा पत्ता.

एवढा खटाटोप नको असेल तर साधा मार्ग: पातळ कागदावर छापून कापा आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पत्त्यांच्या पिशव्यांत घाला, प्रत्येकीत एखादा जुना, बिनकामाचा पत्ता मागे आधाराला. पिशव्या ६६ बाय ९१ मिलिमीटरच्या लागतील.

ठेवायचं घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी आत टाकून. ती मुलांच्या हाती लागू देऊ नका. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून टाका. दमटलेले पत्ते उन्हात घालू नका, वरची बाजू आधी सुकते आणि पत्ते वाकतात. पंख्याखाली पसरा, मग जड पुस्तकाखाली रात्रभर. टाल्कम पावडर मारली तर पत्ते तेवढ्यापुरते सरकतात, पण पुढे तीच पावडर घामात मिसळून गोळे होतात. आणि नेवऱ्यांचं (करंज्यांचं) ताट गोलाच्या बाहेर. तेलकट बोटांच्या खुणा मॅट फिल्मवरून निघतात, पण सगळ्या नाही निघत.

आता एवढ्या गड्डीवर खेळायचं काय? धाकट्यासाठी आधी गाढव. जितके भिडू तितकी पात्रं घ्या, प्रत्येकाचे चार पत्ते. पाच जण तर पाच पात्रांचे वीस. चार-चार वाटायचे, मग ‘एक, दोन, तीन’ म्हणताच प्रत्येकानं नको असलेला एक पत्ता डावीकडच्याला सरकवायचा, सगळ्यांनी एकदमच. ज्याची एका पात्राची चौकडी जमली त्यानं हात मध्ये ठेवायचा, बाकीच्यांनी झटकन त्यावर. शेवटच्याला ‘गाढव’ शब्दातलं एक अक्षर. पाळीची वाट बघणं यात मुळीच नाही, आणि हाताच्या चपळाईत पाच वर्षांचं पोर काकाला खरोखर हरवतं, कुणी सवलत न देता. तुमच्या घरी मी सुरुवात इथूनच करीन.

मग भिकार-सावकारसारखा खेळ, दोघांत: सारखे वाटायचे, एकेक पत्ता उलटायचा, मोठा आकडा दोन्ही उचलतो. निव्वळ नशीब. थोरला त्यात कंटाळेल, पण आजी-नातवाची दुपार त्यात सरते आणि मोठा-लहान आकडा पक्का होतो. सगळे पत्ते संपेपर्यंत मात्र खेळू नका, तो खेळ संपतच नाही; गड्डी एकदा पुरी उलटून झाली की मोजायचं आणि थांबायचं.

मोठ्यांसाठी बदाम सात, इथे लाल पाच. म्हणून राजा मध्ये हवा: दरबार त्याच्यापासून भरतो. लाल राजा असेल त्यानं तो मांडायचा, मग त्याच्या एका बाजूला चार, तीन, दोन, एक, दुसऱ्या बाजूला सहा ते नऊ; दुसरा रंग त्याच्या राजानंच उघडायचा. लागणारा पत्ता नसेल तर पास. चार जणांत प्रत्येकी नऊ पत्ते, सहा जणांत सहा. पाच जणांत एक पत्ता उरतो, तो वाटणाऱ्याच्या डावीकडच्याला द्या. यात राजा अडवून ठेवायची चतुराई आहे, ती थोरल्याला लगेच आवडेल. धाकटा आजोंच्या नाहीतर आजीच्या मांडीवर जोडीदार म्हणून: पत्ता कोणता ते मोठ्या माणसानं त्याच्या कानात सांगायचं, टाकायचा त्यानं.

लाडू आणि ‘थांब’ फक्त रंग जुळवायच्या खेळात घ्या, बाकीच्या खेळांत बाजूला.

उरला विक्रीचा प्रश्न. घरच्या खेळासाठी एक संच करणं वेगळं आणि स्टॉलवर मांडणं वेगळं. ‘छोटा भीम’ ही हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनची निर्मिती, २००८पासून पोगोवर सुरू असलेली. पात्रं, नावं, चित्रं त्यांच्या मालकीची. विकायला परवाना लागतो. बचत गटाच्या नावावर आलेली नोटीस चार डब्यांच्या नफ्यात भागणार नाही. स्टॉलसाठी मांडणी हीच ठेवा, नऊ पात्रं मात्र तुमची काढा. चवथीचीच घ्या हवं तर: उंदीर एक, मग नेवरी, मोदक, माटोळीतली नारळाची पेंड (घोस), घुमट (वाद्य), समई, शामेळ (हेही वाद्य), फुगडी घालणाऱ्या बायका, आणि नऊवर गणपती. गावातल्या चित्र काढणाऱ्या एखाद्या मुलीकडून ती काढून घ्या, तिला पैसे द्या, आणि डब्यावर तिचं नाव छापा. आधी दोनच संच छापा. एक तुमच्या घरी पाच रात्री वापरा, दुसरा शेजारच्या घरात नियमांच्या पत्त्यासकट द्या आणि त्यांना काहीही समजावून सांगू नका. ते कुठे अडतात ते लिहून घ्या. स्टॉलवरच्या डब्यातला नियमांचा पत्ता त्यावरून पुन्हा लिहा.